जिन्यातलं बोलणं

नाशिक
रविवार, २३ नोव्हेंबर

पूजा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास. रोहितराव फोन उचलत नाहीत. म्हणून पत्र. शाळेत निबंध म्हणून लिहिलं असेल तेवढंच, त्यानंतर आज. योगेशच्या द्वारका चौकातल्या ऑफिसातून उद्या तुमच्याकडे द्राक्षांची रिकामी खोकी निघणार आहेत. कारभारी म्हणून ड्रायव्हर आहेत, त्यांच्याकडे रुद्रचं दप्तर, कपडे आणि हे पत्र देते आहे. कपडे धुतलेले आहेत.

माझ्या हर्षालीचं मनगटाच्या वरचं हाड मोडलंय. ऑपरेशन लागलं नाही, प्लास्टरवर भागलं. हनुवटीला टाके आहेत. डॉक्टर म्हणाले, डोकं भिंतीच्या कडेला लागलं असतं तर आपण आज वेगळंच बोलत असतो. हे वाक्य माझ्या कानातून जात नाही.

मी अजून त्या जिन्यातच उभी आहे असं वाटतं. मी डबे भरत होते. दोघं शाळेसाठी बूट घालून बाहेर गेले होते. धडधड असा आवाज झाला, मला वाटलं वरच्यांचा गॅस सिलेंडर सुटला. दार उघडलं तर हर्षाली खालच्या वळणावर पडलेली, आणि रुद्र वरच्या पायरीवर उभा. हात अजून तसेच पुढे. मी ओरडले, "का ढकललंस?" तर म्हणाला, "ती हसत होती."

हसत होती! पूजा, नऊ वर्षांचं पोर असं बोलतं आणि त्याच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं.

जूनमध्ये तू त्याला शाळेसाठी माझ्याकडे ठेवलंस तेव्हा मी आनंदाने हो म्हटलं होतं. पण गणपतीनंतर काय चाललं होतं ते तुला थोडंच सांगितलं. तो तिला चावला होता. कंपासपेटी फेकून मारली होती. दर वेळी ती बिचारी नुसती शेजारी बसलेली असायची आणि याचा भडका उडायचा. दर वेळी "ती हसली" नाहीतर "ती माझ्याबद्दल बोलत होती". मी तुला सांगितलं नाही, कारण तुला वाटलं असतं ताईला जड झालं.

दवाखान्यात तू त्याच्या कानाखाली मारलीस तेव्हा मी तुला अडवलं नाही. आणि मी जे बोलले तेही तू ऐकलंस. ते कागदावर पुन्हा लिहीत नाही. पण खोटं बोलले असंही आज म्हणवत नाही मला.

त्याला कुणाला तरी दाखव.

ताई


नाशिक
बुधवार, ३ डिसेंबर

पूजा,

कारभारी म्हणाले, पाकीट तू हातात घेतलंस पण बोलली नाहीस. ठीक आहे. हे पत्र रुद्रसाठी आहे असं समजून वाच.

काल शाळेतून बोलावलं होतं. तिथे शुभांगी मॅडम म्हणून समुपदेशक आहेत, अडचणीतल्या मुलांशी बोलतात. रुद्र वर्गात मारामाऱ्या करायचा म्हणून बाईंनी त्याला दिवाळीनंतर त्यांच्याकडे पाठवलं होतं. मला माहीतच नव्हतं. मी तावातावाने गेले होते, पण त्यांनी जे दाखवलं त्याने मी हबकले.

त्यांच्याकडे चित्रं आहेत. एका चित्रात मैदानावर एका मुलाच्या पाठीत चेंडू लागलाय, आणि लांब दुसरा मुलगा उभा आहे. रुद्रला विचारलं, काय झालं? म्हणाला, "त्याने मुद्दाम मारला." दुसऱ्या चित्रात डबा सांडलाय. "मुद्दाम सांडला." तिसऱ्यात दोन मुली कानात बोलतायत आणि कोपऱ्यात एक मुलगा बसलाय. "त्याला हसतायत." एकही चित्र असं नव्हतं जिथे त्याला वाटलं की चुकून झालं असेल. मग विचारलं, तू त्या जागी असतास तर काय केलं असतंस? "मारलं असतं." अजून काय करता येईल? तर म्हणाला, "जोरात मारलं असतं."

मॅडम म्हणाल्या, "हा मुलगा वाईट नाही हो. त्याला समोरच्याचा चेहरा वाचताच येत नाही. जिथे कळत नाही तिथे तो वाईटच धरून चालतो. आणि राग आला की त्याच्यापुढे एकच रस्ता असतो, दुसरा सुचतच नाही. हे शिकवता येतं. त्याला परत आणा."

मी म्हटलं, आणणं माझ्या हातात नाही, आई-वडील दिंडोरीला आहेत, सध्या बोलणं बंद आहे.

गंमत म्हणजे हर्षाली माझ्याबरोबरच होती, गळ्यात हात अडकवून. तिने तीच चित्रं मागून घेतली आणि भराभर सांगत सुटली. हा चेंडू चुकून लागला, कारण मारणाऱ्याने स्वतःच तोंडावर हात घेतलाय. डबा सांडलेली मुलगी रडत नाहीये कारण तिला आज भाजी आवडलीच नव्हती. कानात बोलणाऱ्या मुलींबद्दल तर म्हणाली, "त्यांना भांडवायचं असेल तर त्यांना काही करायचं नाही. उजवीकडचीला नंतर एकटीला गाठून सांगायचं, ती तुझ्याबद्दल काय बोलली ते. मग त्या आपोआप भांडतात." मी हसले. अकरा वर्षांची पोर आणि एवढी अक्कल! मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, "रुद्र घरात कुणाकुणाला मारायचा?"

मी म्हटलं, फक्त हर्षालीला.

"तुम्हाला, तिच्या बाबांना, खालच्या मुलांना?"

नाही. घरात फक्त हर्षालीला.

त्या काहीतरी लिहीत राहिल्या. मला वाटतं त्यांना बहीण-भावातली असूया वगैरे म्हणायचं असेल. असो. रुद्रला घेऊन ये. माझ्याकडे उतरू नकोस हवं तर, थेट शाळेत जा.

ताई


नाशिक
सोमवार, १५ डिसेंबर

पूजा,

हे पत्र तू एकटी असताना वाच. रोहितरावांना नंतर दे.

योगेश म्हणतो, पाठवू नकोस. "पोरं आहेत, पोरं असंच करतात. आता मिटलंय ते उकरून काय मिळणार?" पण काहीच मिटलेलं नाही.

काल रविवार. मी गॅलरीत चादरी वाळत घालत होते. खाली पार्किंगमध्ये हर्षाली पायरीवर बसली होती. तळमजल्यावरच्यांचा राज सायकल फिरवत होता. सात वर्षांचा आहे, गरीब पोर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हर्षालीने त्याला बोलावलं. त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. गोड हसत. त्याने मान हलवली, नाही म्हणून. ती परत बोलली. त्याचा चेहरा पाहता पाहता चुरगळला. तेव्हा तिने प्लास्टरचा हात झोळीतून काढला आणि त्याच्या पुढे धरला.

तो मारेपर्यंत धरून ठेवला, पूजा.

त्याने त्यावर बुक्की मारली. लगेच ती ओरडली नाही. आधी तिने मान वर करून आमच्या गॅलरीकडे पाहिलं, कुणी आहे का ते. मी चादरीच्या मागे होते. मग ओरडली. "आई गं!" आणि धाय मोकलून रडायला लागली. तेच रडणं. गणपतीपासून जे रडणं ऐकून मी हातातलं टाकून धावत होते, तेच.

मी खाली गेले. राजची आई त्याला दोन्ही हातांनी बडवत होती. हर्षाली माझ्या कमरेला चिकटली. मी त्या बाईंचा हात धरला आणि म्हटलं, त्याला मारू नका, त्याला काय सांगितलं गेलं ते आधी विचारा. राज हुंदके देत म्हणाला, "हर्षालीताई म्हणाली माझी आजी मेली. तुम्ही मला सांगत नाही." त्याची आजी दवाखान्यात आहे. चांगली बरी होते आहे.

घरी आणून मी दार लावलं. ओरडले नाही.

"असं का म्हणालीस त्याला?"

"बघत होते."

"काय बघत होतीस?"

"तो मारतो का ते. रुद्र तर लगेच मारायचा."

मी म्हटलं, रुद्रला काय सांगायचीस? तर तिने मला अगदी समजावून सांगितलं, गणित सांगावं तसं. रुद्रला कुणी तोंडावर हात ठेवून हसलं की वाटतं त्यालाच हसतात. त्याच्याकडे बघून दुसऱ्याच्या कानात नुसतं तोंड हलवलं तरी चालतं, बोलायचीही गरज नसते. आणि त्याला तुझ्याबद्दल, त्याच्या आईबद्दल काही बोललं की सगळ्यांत लवकर होतं.

"मावशीबद्दल काय बोललीस?"

"त्याला सांगितलं की मावशीने तुला आम्हाला दत्तक दिलंय. सह्यासुद्धा झाल्या. म्हणून तर इकडे आणलं."

"आणि त्याला ते खरं वाटलं?"

"हो. म्हटलं, विचारू नको कुणाला. विचारलंस तर मावशी रडेल, आणि मग सुट्टीतही नेणार नाही."

मी जिन्याबद्दल विचारलं. त्या दिवशी पायरीवर ती त्याला म्हणाली होती की आजपासून शाळेत तुझं नाव बदललंय, आता तू रुद्र योगेश लावायचं. आणि हसली होती. तो खरंच सांगत होता मला, "ती हसत होती" म्हणून. त्याला तेवढंच सांगता आलं. बाकीचं सांगितलं असतं तर तू रडली असतीस ना.

"तो ढकलेल असं नव्हतं वाटलं," हर्षाली म्हणाली. "मला वाटलं हातावर मारेल."

मी विचारलं, हे सगळं कशासाठी? तेव्हा मात्र ती बराच वेळ पडद्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, "तो आल्यापासून तू आधी त्याचा डबा भरायचीस. पण त्याने मारलं की तू मला जवळ घ्यायचीस."

मी तिला विचारलं, कुणाला काय बोललं की काय होईल हे तुला कळतं कसं? ती म्हणाली, "तोंडावर दिसतं ना. तुझ्यापण दिसतंय. तू आता मावशीला सांगणार."

म्हणून सांगते आहे. तुझ्या पोराला मी काय काय बोलले, सगळ्या दवाखान्यासमोर! माणसात ठेवण्यासारखा नाही म्हणाले. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत त्याची आई त्याच्यापासून तोडली जात होती, आणि मी टाके मोजत होते. क्षमा वगैरे शब्द लिहायला हात धजत नाही. आधी त्याला सांग. आत्ता, पत्र खाली ठेवून सांग, की त्याला कुणीही कुणाला दिलेलं नाही.

ताई


नाशिक
शुक्रवार, १९ डिसेंबर

पूजा,

मी आणि योगेश दोघंही हर्षालीला घेऊन शुभांगी मॅडमकडे गेलो. योगेश आधी हाताची घडी घालून बसला होता. मॅडमनी तिला राजचा चेहरा आठवायला सांगितला. तिने हुबेहूब वर्णन केलं, ओठ कसे थरथरले, डोळे कसे भरले. मग मॅडमनी विचारलं, "तेव्हा तुला कसं वाटलं?" ती बुचकळ्यात पडली. खरंच पडली. म्हणाली, "मला? मला काय वाटायचं?" तेव्हा योगेशची घडी सुटली.

मॅडम आम्हाला नंतर म्हणाल्या, समोरच्याच्या मनातलं ओळखता येणं वेगळं आणि त्याचं दुखणं आपल्याला लागणं वेगळं. रुद्रला पहिलं येत नाही म्हणून तो मारतो. हिला पहिलं इतकं चांगलं येतं की ती दुसऱ्याकडून मारून घेते, आणि मार दुसऱ्यालाच बसतो. मी विचारलं, मग माझी मुलगी काय आहे? त्या म्हणाल्या, "अकरा वर्षांची आहे. अजून खूप काही व्हायची आहे. पण तुम्ही आता तिचं रडणं बघून धावू नका, आणि ती रडत नसताना तिच्याजवळ बसा."

घरी येताना रिक्षात तिने विचारलं, "मावशीला कळलं?" मी हो म्हटलं. तर रस्त्याकडे तोंड करून रडायला लागली, आवाज न करता. पूजा, पोटच्या पोरीचं रडणं खरं की खोटं ते मला ओळखता येईना. मी हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

मी तिला तुझ्याकडे घेऊन येऊ का? रुद्रला तिने स्वतः सांगायला हवं. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

ताई


दिंडोरी
मंगळवार, २३ डिसेंबर

ताईस नमस्कार.

तुझी सगळी पत्रं मिळाली. पहिली दोन मी फाडणार होते. मोठं पत्र आलं तेव्हा बागेत होते, मजूर बायांबरोबर द्राक्षाच्या घडातले मणी विरळायला. तिथंच उभ्याउभ्या वाचलं. भागीबाई विचारायला लागल्या, वहिनी, कोण गेलं का? मी म्हटलं, नाय, कोणी गेलं नाय.

रुद्र शेडमधे खोकी रचत होता. परत आल्यापासून तो तिथंच बसतो. बोलत नाय. मी जाऊन म्हटलं, बाळा, तुला कोणी दत्तक दिलेलं नाय. हर्षालीताई तुला खोटं बोलली होती. मला वाटलं हा रडल, नाहीतर गळ्यात पडल. तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "तू खोटं बोलतीस. मी मारतो म्हणून त्यांनी परत दिलं ना मला?"

त्याला वाटत होतं तुम्ही त्याला परत केलाय. दुकानात वस्तू परत करतात तसा.

मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं नाय, तेवढं. तरी पटेना. मग म्हणाला, "मग माझं नाव काय?" मी म्हटलं, रुद्र रोहित गांगुर्डे. "अजून एकदा सांग." सांगितलं. "शाळेत पण तेच?" शाळेत पण तेच. तो किती वेळा विचारत होता आणि मी सांगत होते, बाया बघत होत्या.

ताई, दिवाळी झाल्यावर आम्ही त्याला तुझ्याकडं सोडायला निघालो ना, तेव्हा तो गाडीच्या दाराला धरून बसला होता. आम्ही हसलो, म्हटलं लाडावलाय. रोहितनी त्याची बोटं सोडवली. हे आठवलं की मला काय होतं ते तुला लिहिता येणार नाय. रोहित पत्र वाचून उठून गेले ते संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टरवरच होते. तुझ्यावर लय राग आहे त्यांचा. माझा पण आहे. तू त्याला नऊ वर्षं ओळखत होतीस.

पण एक गोष्ट लिहायलाच पाहिजे. काल जेवताना तो म्हणाला, "मग तू का मारलं मला दवाखान्यात?" मी म्हटलं, मला वाटलं तू मुद्दाम ढकललंस. तर म्हणाला, "मुद्दामच ढकललं." आणि भाकरी मोडत बसला. मग म्हणाला, "तिचा हात जोडला का?" मी म्हटलं, जोडतोय. तो म्हणाला, "मला वाटलं ती मरणार." म्हणजे त्याच्या तोंडावर काही नव्हतं असं तू लिहिलंस, ते हे होतं. तुला दिसलं नाय, मला पण दिसलं नाय.

सुट्ट्या संपल्या की मी त्याला मॅडमकडं घेऊन येणार आहे, दर आठवड्याला. गाडीनं येऊ आणि जाऊ. तुझ्याकडं उतरायचं का ते तो ठरवील.

हर्षालीला घेऊन ये म्हणतीस, तर ये. मी तिला मारणार नाय. जवळ घेईन असं पण आज सांगत नाय. लहान होती तेव्हा सायखेड्याला माहेरी, नदीच्या घाटावर माझ्याच कडेवर असायची ती, माझा जीव तुटतो तिच्यासाठी पण, हे खरं आहे. पण आधी त्याचं.

तू येणार म्हटल्यावर रुद्र म्हणाला, "ती आली की मी शेडमधे थांबीन. गेली की हाक मार." मी नाय म्हटलं. आपल्या घरात तू कशाला लपायचं?

रविवारी सकाळीच या, दुपारी औषध फवारणी असते, अंगणात उभं राहवत नाय. तो दारात असंल. तिला बाहेरच उभं कर, आणि काय बोलायचं ते शिकवून आणू नको. तिला जे सुचंल ते तिनं त्याच्या तोंडाकडं बघून सांगायचं. तो ऐकून घेईल की नाय ते मला माहीत नाय. घाई करायची नाय कोणी.

त्यानं सरकून वाट दिली, तर आत या.

पूजा